पहिलं दळण

भाऊसाहेब रांग सोडून थेट पुढे निघाले आणि प्रियदर्शिनीला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं.

सिंगापुरात एक वेळ काहीही खपेल, पण मोडलेली रांग खपत नाही. इथली माणसं कॉफीसाठी रांग लावतात, लिफ्टसाठी लावतात आणि कधीकधी नुसती रांग दिसली म्हणूनही मागे जाऊन उभी राहतात. क्रांजीच्या शेतांमधली ही जुनी पाणचक्की फक्त शनिवारी सकाळी फिरायची. आपापलं धान्य आणायचं, पाण्यावर फिरणाऱ्या दगडी जात्यावर दळून घ्यायचं, असा तिथला शिरस्ता. रांगेत प्रियदर्शिनीच्या ऑफिसातले लोकही होते. तिनेच मोठ्या हौसेने त्यांना बोलावलं होतं. आणि आता त्यांच्यादेखत तिचे वडील ज्वारीची पिशवी छातीशी धरून सगळ्यांना ओलांडत चालले होते.

भाऊसाहेब निवृत्त मुख्याध्यापक, गावाकडून लेकीकडे आलेले. लग्नाच्या पंगतीत "आधी तुम्ही, आधी तुम्ही" करत शेवटी बसणारा आणि भाजी संपली तरी हूं की चूं न करणारा माणूस.

"समीर, थांबव ना त्यांना," ती नवऱ्याला म्हणाली.

"वडील तुझे," समीर म्हणाला. तो हसत होता, याचा तिला जास्त राग आला.

आठवडाभर हेच चाललं होतं. पाणचक्कीचं नाव निघालं आणि भाऊसाहेबांनी ध्यासच घेतला. लिटिल इंडियात जाऊन ज्वारी त्यांनी स्वतः आणली. तोआ पायोहच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर पसरून निवडली. तिची आई, लताबाई, बघतच राहिल्या. "लग्न झाल्यापासून या माणसानं गिरणीची पायरी चढलेली नाही," त्या लेकीला म्हणाल्या. "पीठ संपलं तर भात खातील, पण दळण घेऊन जायचे नाहीत." भाऊसाहेबांचा मात्र एकच प्रश्न होता, पहिला नंबर मिळेल ना? चाक फिरवणाऱ्या तळ्यातलं पाणी संपेल अशी त्यांना धास्ती असावी, असं प्रियदर्शिनी धरून चालली. आणि आज नेमकी तिच्यामुळेच क्रांजीची मिनीबस चुकली आणि रांगेत सगळ्यांत शेवटी उभं राहावं लागलं.

ती धावत पुढे पोचली. रांगेच्या तोंडाशी तांदळाची पिशवी घेऊन एक चिनी आजीबाई उभ्या होत्या. भाऊसाहेब त्यांच्यापुढे किंचित वाकून शाळेतल्या इंग्रजीत म्हणत होते, "मॅडम, मे आय ग्राइंड बिफोर यू? प्लीज. ओन्ली टुडे."

"पप्पा, चला मागे," प्रियदर्शिनी दबक्या आवाजात म्हणाली. "माझे साहेब बघतायत."

"बघू दे."

असं तोडून ते तिच्याशी कधी बोलले नव्हते.

आजीबाईंनी भाऊसाहेबांची पिशवी पाहिली, मग पांढरे केस पाहिले. "अंकल फर्स्ट, कॅन," असं इथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणत त्या एक पाऊल मागे सरल्या.

चक्कीवाल्याने पाटाची फळी उचलली. पाणी धावत आलं, लाकडी चाक जरा कुरकुरलं आणि फिरू लागलं. आत जातं घरघरलं. ज्वारी वरच्या पेटीत पडली आणि दगडाच्या कडेने पीठ झरू लागलं. ओळखीचा, गरम वास सुटला. भाऊसाहेबांनी पीठ पिशवीत भरून घेतलं. झालं, आता निघायला हवं होतं. पण ते बाजूला सरले आणि तिथेच थांबले. त्यांची नजर चक्कीवाल्याच्या हातावर होती.

चक्कीवाल्याने खुंटीवरचा कुंचा काढला. दगडाच्या कडेला ज्वारीचं पीठ चिकटून राहिलं होतं.

भाऊसाहेबांचा चेहरा उतरला. पिशवीच्या तोंडावरची त्यांची मूठ घट्ट झाली. प्रियदर्शिनीने ते पाहिलं. तिला काहीच कळेना.

"आंटी, क्लीन फर्स्ट?" चक्कीवाल्याने विचारलं.

"क्लीन फॉर व्हॉट?" आजीबाई हसल्या. "हिज ग्रेन ऑल्सो गुड, व्हॉट. नो नीड लाह!"

आणि त्यांनी आपले तांदूळ स्वतःच पेटीत ओतले. जातं पुन्हा घरघरलं. आधी ज्वारी मिसळलेलं करडं पीठ आलं, मग पांढरंशुभ्र. आजीबाईंनी त्या करड्या पिठाची चिमूट उचलून हुंगली, भाऊसाहेबांकडे बघून अंगठा वर केला आणि सगळं एकाच पिशवीत भरलं.

चक्कीवाल्याने कुंचा खुंटीला अडकवला.

भाऊसाहेब झेंडावंदनाला उभे राहायचे तसे ताठ उभे होते. डोळे वाहत होते आणि ते पुसत नव्हते.

"पप्पा, काय झालं?"

"गावच्या गिरणीत आपल्या वस्तीचं दळण शेवटी घ्यायचे," ते म्हणाले. "आपलं पीठ लागलेल्या दगडावर बाकीच्यांचं दळण बाटायचं. आई दिवसभर बाहेर उन्हात बसायची, मी तिच्याजवळ. एकदा नव्या पोऱ्याने चुकून तिला मध्येच घेतलं. तिच्या मागच्या बाईने सगळ्यांसमोर दगड उचलून झाडायला लावला. आई पुढेही तिथे जातच राहिली. मी मात्र त्यानंतर गिरणीत पाऊल टाकलं नाही."

हे त्यांनी घरात कधीच कुणाला सांगितलं नव्हतं. प्रियदर्शिनीने वडिलांचा हात धरला. साहेब अजून बघत होते. बघू देत, तिला वाटलं, सगळ्या रांगेने बघावं, हे माझे वडील आहेत. इतका अभिमान तिला स्वतःच्या पदवीचाही वाटला नव्हता.

"म्हणून तुम्हाला पहिला नंबर हवा होता," ती म्हणाली.

भाऊसाहेबांनी नकारार्थी मान हलवली.

"पहिल्या नंबराचं काय घेऊन बसलीस! माझ्या मागून कुणीतरी दळायला हवं होतं."