यारेलीचे दोन दिवस

गाढवाच्या अंगावर झेब्र्यासारखे काळे पट्टे रंगवले होते. त्याला जुंपलेल्या गाडीवर रामिरो आणि टोन्यो, दोघं चाळिशी उलटलेले, पोट सुटलेले मेकॅनिक, अंग चोरून बसले होते. फोटोवाल्यानं त्यांच्या डोक्यावर भल्यामोठ्या टोप्या चढवल्या.

"हसा की लेको," समोरून एफ्राइन म्हणाला. "तिहुआनात येऊन इथं फोटो नाही काढला, तर तुम्ही आला होतात हे कोण खरं मानेल?"

"माझी बायको विचारेल, ही दोन गाढवं ओळखीची आहेत, तिसरं कोण?" टोन्यो म्हणाला.

फोटोवाला हसला. एफ्राइन घड्याळ बघत होता.

शुक्रवारी संध्याकाळी दोघं सरहद्द ओलांडून आले, तेव्हा एफ्राइन तिहुआनाच्या बाजूला नवा शर्ट घालून उभा होता. त्यांच्या मागून कुणी येत नाही असं बघून त्याचा चेहरा उतरला. तुझ्या यारेलीला ताप आलाय, रामिरो म्हणाला होता. तापात प्रवास नकोच, असं म्हणून एफ्राइननं रामिरोची बॅग उचलली होती, आणि त्यानंतर त्यानं आपल्या मुलीचं नाव काढलं नव्हतं.

पण शनिवारी त्यानं त्यांना मेणाचे पुतळे दाखवले. मग बर्फावर घसरायला नेलं. तिथं टोन्यो दोनदा आपटला. मग गुलाबाच्या फुलासारखं आइस्क्रीम देणारं एक दुकान. अमेरिकेत, फ्रेस्नोच्या गॅरेजात तिघांनी बारा वर्षं एकत्र काम केलेलं. शनिवारी दुपारी बिअर उघडल्याशिवाय त्यांनी कधी हात धुतले नव्हते. इथं दोन दिवसांत बिअरचा विषय निघाला नाही. ही ठिकाणं कुणासाठी ठरवलेली होती, ते रामिरोला आइस्क्रीमच्या दुकानातच कळलं होतं. त्यानं मुकाट्यानं गुलाबी आइस्क्रीम संपवलं.

आता रविवारचे तीन वाजले होते. तिघं चालत सरहद्दीच्या रांगेत जाऊन उभे राहिले. रांग भिंतीच्या कडेनं लांबवर गेली होती. खेळणी, चादरी, प्लास्टरचे संत विकणारे लोक तिच्या बाजूनं फिरत होते.

"तीन तास लागतील," टोन्यो म्हणाला. "तू जा रे. उगाच कशाला ताटकळतोस?"

"घरी जाऊन तरी काय करू?"

आठ वर्षांपूर्वी, अमेरिकेत राहायचे कागद नाहीत म्हणून, पोलिसांनी त्याला गॅरेजच्या दारातून उचलून या शहरात आणून सोडलं होतं. तेव्हा यारेली सहा वर्षांची होती. तिच्या आईकडेही कागद नव्हते, त्यामुळे आणून भेटवणारं कुणी नव्हतं. या मे महिन्यात तिकडेच जन्मलेल्या मुलीचा पासपोर्ट आला, आणि रामिरो म्हणाला, मी आणतो.

रांग दहा पावलं सरकली. रामिरो खाली बघत होता.

"एफ्राइन, तिला ताप नव्हता."

"रामिरो, गप," टोन्यो म्हणाला.

"नाही. दोन दिवस याचं खातोय मी." त्यानं मान वर केली. "आमच्याबरोबर निघाली होती ती. ओफेलिया पण होती; म्हटलं, माझी बायको असली की पोरीला सोबत होईल. सरहद्दीपाशी गाडी लावली, बॅग पाठीला लावून पोरगी चांगली पुलापर्यंत आली. आणि तिथं थांबली ती थांबलीच. म्हणाली, फोनवर दिसतात तेवढेच, एरवी मला ते आठवत नाहीत. दोन दिवस मी काय बोलू त्यांच्याशी?"

एफ्राइननं भिंतीकडे मान वळवली.

"मी समजावलं. ओरडलोसुद्धा थोडा. मग रडायला लागली. ओफेलिया तिच्यासोबत राहिली."

"म्हणजे आता कुठंय?"

"तिथंच. पलीकडच्या मोटेलात."

"दोन दिवस?"

"हो."

पुढचा माणूस सरकला. एफ्राइन जागीच उभा होता. मागच्या बाईनं "चला ना भाऊ" म्हटलं, तेव्हा तो चालला.

"तिच्यावर ओरडायला नको होतंस," तो म्हणाला.

"चुकलंच माझं."

"तिचं काय चुकलं? मलाही सुचलं नव्हतं काय बोलायचं ते. म्हणून तर एवढी ठिकाणं काढली होती. बघायला काहीतरी असलं की बोलावं लागत नाही." तो रांगेबरोबर पुढं सरकला. "मला कळलंय हे तिला सांगू नका. परत कधी यावंसं वाटलं, तर लाजेनं अडायला नको."

टोन्योनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

साडेपाचला ते फाटकाशी पोचले. तिथून पुढं फक्त कागद असलेल्यांना जाता येत होतं. टोन्योनं त्याला मिठी मारली, मग रामिरोनं. दोघं लोखंडी गजांच्या फाटकातून आत गेले. एफ्राइन बाजूला झाला, आणि मग एकदम गजांजवळ आला.

"रामिरो."

रामिरो मागं वळला.

"केवढी झालीय रे ती? फोनच्या व्हिडिओत नेहमी बसलेली असते. अंदाज येत नाही."

रामिरोनं हात आडवा करून आपल्या कानाशी धरला. "एवढी."

मागून लोक आत येत होते, त्याला चुकवून पुढं जात होते. एफ्राइन त्या हाताखालच्या रिकाम्या जागेकडे बघत राहिला. रामिरोला हात खाली घेता येईना.