शेवंताची पहिली भाऊबीज

अनाथाश्रमात वाढलेल्या शेवंताने फुकटच्या वंशशोध केंद्रात डीएनए तपासणीसाठी थुंकी दिली आणि चाळिसाव्या वर्षी तिला सख्खा धाकटा भाऊ मिळाला. भाऊबीजेला हेरंब आला. तिने पाट मांडला, टिळा लावला, ओवाळलं.

"टाक की ओवाळणी," ती लाडाने म्हणाली.

हेरंबने तबकात सरकारी हुकूम ठेवला. रक्ताच्या सर्वांत जवळच्या नातेवाइकाने आठ दिवसांत रुग्णाला किडनी द्यायची, नाहीतर तुरुंग.

"आपल्या घराण्यात पुरुषांच्या किडन्या चाळिशीआधीच जातात," लाडू खात तो म्हणाला. "तू सापडलीस आणि जीव भांड्यात पडला बघ, ताई!"

तेवढ्यात केंद्राचा निरोप आला: 'अभिनंदन! आपला आणखी एक सख्खा भाऊ सापडला. त्यालाही आपला पत्ता कळवला आहे.'