रहिवासाचा पुरावा

कॉलेजच्या प्रवेशाच्या खिडकीतून आत आलेल्या अर्जावरचा पत्ता मैत्रीने वाचला आणि तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तुर्भे, माडीवरची खोली. अर्जदार जाई, गेली दहा वर्षं सलग वास्तव्य. सोबत घरमालकाचं प्रतिज्ञापत्र, आणि घरमालक म्हणजे मुलीचे सख्खे आजोबा, श्यामसुंदर.

तिने मान वर केली. तेच होते. केस पिकले होते, पण खिशाला पेन तसंच, आणि समोरच्यावर उपकार केल्यासारखं बघणंही तसंच. त्यांनी तिला ओळखलं नाही. भाडेकरूच्या पोरीकडे कोण कधी निरखून बघतं म्हणा!

"सगळे कागद जोडलेत, मॅडम," ते म्हणाले. "स्थानिकांच्या यादीत घ्या. त्यात फी निम्मी होते ना?"

"होते. पण दहा वर्षं नवी मुंबईत राहिलेल्यांनाच. बाहेरच्यांना पूर्ण फी, आणि जागाही मोजक्या."

"आमची जाई इथलीच हो."

इथलीच म्हणे. त्या खोलीत मैत्रीने पंधरा वर्षं काढली होती, आईवडिलांबरोबर. ना करार, ना पावती. कुणी विचारलं तर गावाकडचे पाहुणे आहोत म्हणून सांगायचं, ही श्यामसुंदरकाकांची ताकीद. नऊ वर्षांपूर्वी याच खिडकीने तिच्याकडे राहण्याचा पुरावा मागितला, तेव्हा तिची आई मुक्ताबाई काकांच्या दारात जाऊन उभी राहिली. एक ओळ लिहून द्या, पोरीचं कॉलेज होईल. काका हसत म्हणाले, "मुक्ताबाई, कागदावर तुम्ही इथं राहतच नाही." आणि दुसऱ्या दिवशी खोलीतला नळ काढून नेला. तोंड वर करून कागद मागितला ना, मग भोगा. खोली सोडेपर्यंत चार वर्षं मायलेकींनी खालून हंडे वाहिले. मैत्रीची जागा गेली ती गेलीच. बाहेरून परीक्षा देत देत ती या खुर्चीपर्यंत आली, ते काही कुणाच्या मेहेरबानीने नाही. चार दिवस सासूचे असतात, तसे चार दिवस सुनेचेही असतात.

"जाई," ती गोड आवाजात म्हणाली, "एकदोन गोष्टी विचारते हं. त्या खोलीत तुम्ही पाणी कुठून भरायचात?"

"नळावरून," जाई म्हणाली.

"खोलीत नळ होता?"

जाई आजोबांकडे वळली. "नव्हता का आजोबा? मला कसं माहीत असणार, मी गेल्या वर्षीपर्यंत मस्कतलाच होते ना."

श्यामसुंदरांचा चेहरा खर्रकन उतरला. त्यांनी खिडकीपाशी वाकून मैत्रीच्या गळ्यातलं ओळखपत्र वाचलं. मग पुन्हा तिच्याकडे पाहिलं.

"तू मुक्ताची मुलगी."

"मुक्ताबाईंची," मैत्री म्हणाली.

"हे बघ बाळ, झालं गेलं गंगेला मिळालं. तो राग या पोरीवर काढू नकोस." मग आवाज बारीक करून ते म्हणाले, "आणि तुम्ही तिथं राहत होता, याचा तुझ्याकडे तरी कागद कुठाय?"

चोर तो चोर, वर शिरजोर. मैत्रीने खणातून एक कोरा कागद काढून त्यांच्यासमोर ठेवला.

"नाही ना. म्हणून तर तुमच्याकडून हवाय. तुमचं खोटं प्रतिज्ञापत्र मी समितीकडे पाठवलं तर ते पोलिसांत देतील, आणि जाईचं नाव यंदा सगळ्याच याद्यांतून जाईल. नाहीतर तुम्ही तुमच्या हाताने लिहून अर्ज मागे घ्या. त्या खोलीत त्या वर्षांत कोण राहत होतं, ते नावानिशी लिहा. मग जाईला बाहेरच्यांच्या यादीत अर्ज भरता येईल. फी पूर्ण."

"सूड उगवतेयस."

"हो," मैत्री म्हणाली. खोटं कशाला बोलायचं.

जाईचे डोळे भरून आले होते. "मॅम, बाहेरच्यांच्या यादीत माझा नंबर लागेल का?"

मैत्रीला वाईट वाटलं, नाही असं नाही. या पोरीचा काय दोष? मग तिला आठवलं, तेव्हा तिचाही काही दोष नव्हता. "सांगता येत नाही," ती म्हणाली. "माझा नव्हता लागला."

श्यामसुंदरांनी खिशाचं पेन काढलं. मागे रांग खोळंबली होती, माणसं माना उंचावून बघत होती. सगळ्यांच्या देखत ते खिडकीच्या फळीवर वाकून लिहायला लागले. मैत्री उलट्या बाजूने वाचत होती.

"पाहुणे म्हणून नाही," ती मध्येच म्हणाली. "ते खोडा. भाडेकरू लिहा."

त्यांनी खोडलं. भाडेकरू लिहिलं. सही केली, तारीख टाकली आणि मान वर न करता कागद आत सरकवला.

मैत्रीने तो सावकाश वाचला. आईचं नाव होतं, वडिलांचं होतं, तिचं होतं. तुर्भ्याचा पत्ता, पंधरा वर्षं. एवढ्या एका ओळीसाठी आई त्या दिवशी तासभर दारात उभी होती, आणि तिला कुणी बस म्हटलं नव्हतं.

"झालं समाधान?" श्यामसुंदरांनी विचारलं.

मैत्रीने कागद पुन्हा त्यांच्यासमोर सरकवला.

"नळाचं राहिलं, काका."