पातेल्यातली रेघ

पाणी रेघेपर्यंत आटलं तसा म्हाताऱ्याने गॅस बंद केला. रेघ पातेल्याच्या आत, निम्म्यावर, त्यानेच खिळ्याने ओढली होती.

"काढा करताय की काय, आजोबा?" नर्सबाई दारातून आत आल्या.

"नातीच्या दुधाचं पाणी. पावडर यातच कालवतो. आज सोडतील तिला, आल्या आल्या भूक लागेल."

"आज नाही सोडणार," सून म्हणाली. ती दवाखान्यातून बाळाचे कपडे न्यायला आली होती. "नखंही निळी पडलीत आता."

म्हातारा फडक्याने ओटा पुसू लागला. ओटा कोरडाच होता.

नर्सबाई स्टुलावर बसल्या. "विहिरीचं पाणी तपासून आलं. नायट्रेट आहे, फार. बाळाला त्यानेच झालंय."

"म्हणून तर उकळतो. एवढं कोण उकळतं सांगा."

"मला हातसुद्धा लावू देत नाहीत," सून पिशवीत दुपटं कोंबत म्हणाली. "जन्म मी दिला, पण पाणी मामंजींचंच."

नर्सबाईंनी खिडकीतून पाहिलं. गोठा, त्याच्या खाली शेणखड्डा, त्याच्या खाली विहीर. खड्डा काठोकाठ भरून काळं पाणी बाहेर पाझरत होतं.

"विहिरीच्या इतक्या जवळ का खणला?"

"हिच्या सासूसाठी. शेवटी शेवटी तिला शेणाची पाटी लांब नेववत नव्हती." तो नर्सबाईंकडे वळला. "पण उकळल्यावर काय राहतं त्यात?"

"उकळून जंतू मरतात, आजोबा. हे शेणाचं आहे, जमिनीत मुरून विहिरीत उतरलेलं. पाणी वाफ होऊन जातं. हे जात नाही, मागेच राहतं. तुम्ही निम्मं आटवलंत की..." त्यांची नजर रेघेवर गेली.

सुनेचे हात थांबले.

"दुप्पट," ती म्हणाली.

सुनेने पिशवीची गाठ मारली. ओट्यावरची बाटली उचलली, पाहिली, परत ठेवली.

"सोडलं तर तिला माहेरी नेते. इथे नाही आणणार," ती म्हणाली आणि चप्पल घालून निघाली.

म्हाताऱ्याने फडक्यात धरून पातेलं उचललं आणि तिच्या मागोमाग अंगणात आला. ती फाटकातून बाहेर पडली होती. तो खड्ड्याकडे चार पावलं गेला, थांबला, झाडाकडे वळला, पुन्हा थांबला.

"बाई," त्याने मागे न बघता विचारलं, "हे कुठे ओतू?"

नर्सबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी अंगण इकडून तिकडे पाहिलं. सगळा उतार विहिरीकडे होता.

फडकं पातळ होतं, हाताला चटके बसत होते. त्याने पातेलं खाली ठेवलं नाही.