सरकारचा अर्धा वाटा

सभा अकराची होती. साडेअकरा वाजून गेले तरी खुर्च्यांवर तीनच माणसं. मधे अध्यक्षीणबाई, डावीकडे दुकानवाला, उजवीकडे सुईणबाई. दाराजवळच्या बाकावर मेलेल्या सभासदाची आई बसली होती. पिशवी मांडीवर, पाठ ताठ. टेकून बसणं तिला कधी जमलंच नव्हतं.

पालिकेच्या कारकुनाला सगळे टाचणी म्हणत. तो चुळबुळत उठला.

"कोरम होत नाही, आजी. सातांतले चार तरी हजर लागतात."

"मला मोजता येतं. खाली बस."

"बाकीचे तिघे भांडून बसलेत. ते काही येत नाहीत."

"त्यांच्या दारात जाऊन आले मी. एकाने चहा पाजला, एकाने पाठ दाखवली, तिसरा घरात असून घरात नव्हता. मेलेला येतो रे, रुसलेला येत नाही."



गोष्ट सरळ होती. सभासदाच्या मानधनाचे वाटे दोन, अर्धा पालिकेचा, अर्धा सरकारचा. पाच महिन्यांपूर्वी तिचा मुलगा पाण्याच्या टाकीवरून पडला, तेव्हा पालिकेने आपला वाटा त्याच दिवशी थांबवला. गावानेच त्याला खांदा दिलेला, गावाला कोण फसवणार? सरकारने कुठे खांदा दिला होता? सरकारला कागद लागतो. सभा भरवायची, नाव कमी करायचा ठराव मांडायचा, हजर असतील तेवढ्या सगळ्यांनी हात वर करायचे, मग सरकार आपला वाटा बंद करतं. तोवर सरकारच्या लेखी माणूस जिवंत. दर एक तारखेला, बाराच्या आत, पैसे खात्यात पडतात.

आणि पैसे पडले की तो घरी येतो.

अर्धाच येतो. बोलत नाही, जेवत नाही. गादीवर बसला तर एकच बाजू दबते. सून पहिल्या महिन्यात किंचाळली, दुसऱ्यात रडली, तिसऱ्यापासून त्याचा सदरा इस्त्री करून ठेवायला लागली. आईने तेही चालवून घेतलं. पण गेल्या महिन्यात जाताना त्याने नातीचं बोट धरलं आणि तिला फाटकापर्यंत नेलं. आईने ओढून परत आणली, तर पोरीचा हात कोपरापर्यंत गार. दिवसभर टकळी चालवणारी पोर दोन दिवस एक शब्द बोलली नाही.

आज पुन्हा एक तारीख होती. आजचीच सभा आईने मागून घेतली होती.

"काकू," अध्यक्षीणबाई हळूच म्हणाल्या, "तो घरी जाईल. इकडे कशाला येईल?"

"घराला कुलूप घातलंय. सुनेला आणि नातीला माहेरी धाडलं. आणि तुमची नोटीस आहे ना, तीच दाराला डकवून आले." ती टाचणीकडे वळली. "त्याच्या नावाची काढलीस ना रे?"

"काढावीच लागते, आजी. नाव यादीत आहे अजून."

"मग येईल. माझं बोलावणं त्याने शंभरदा चुकवलं असेल, सभेची नोटीस कधी चुकवली नाही."

बाराला पाच मिनिटं असताना चौथी खुर्ची मागे सरली. माणसाला बसायला जागा लागते, तेवढीच. तिच्या गादीची डावी बाजू खाली गेली. सुईणबाईंनी आपली खुर्ची आवाज न करता बाजूला घेतली. तो बसला होता. त्याची एक बाजू नीट दिसत होती. दुसरीकडे नजर नेली की डोळ्यांत पाणी यायचं.

टाचणीने बोट उचलून मोजलं. "चार," तो म्हणाला. "सभा सुरू."

अध्यक्षीणबाईंनी कागद उचलला. "आपले सहकारी सभासद यांचं निधन झालं असल्याने..." पुढे जीभ वळेना. ज्याच्याबद्दल वाचायचं तो हातभर अंतरावर.

"वाचा की," आई म्हणाली. "त्याने तुमच्या तोंडावर काय काय वाचून दाखवलंय ते आठवा, म्हणजे जमेल."

त्यांनी वाचलं. शेवटी म्हणाल्या, "मंजूर असेल त्यांनी हात वर करावा."

तीन हात वर गेले. चौथा टेबलावर पडून राहिला. त्याने मान उचलली आणि आईकडे पाहिलं. पाच महिन्यांत पहिल्यांदा.

टाचणी कुजबुजला, "एक जरी हात खाली राहिला, आजी, तरी सरकार थांबवत नाही."

आई उठली. पिशवी घरंगळून पडली, तिने पाहिलंही नाही. ती त्याच्या खुर्चीसमोर जाऊन उभी राहिली.

"सहा वर्षांची आहे रे ती," ती म्हणाली. "अजून तिला खूप बोलायचंय."

हात हलला नाही.

मग तिने आपला उजवा हात वर केला, सरळ, बोटं जुळवून.

"असा," ती म्हणाली. "माझ्याकडे बघ. असा कर."

चौथा हात वर गेला.

टाचणीने चार मोजले, ठराव एकमताने मंजूर झाल्याचं लिहिलं आणि शाई वाळायच्या आत शिक्का मारला. दुकानवाल्याने हात खाली घेतला, सुईणबाईंनी घेतला, अध्यक्षीणबाईंनी घेतला. चौथ्या खुर्चीची गादी हळूहळू सपाट झाली.

आईला मत नव्हतं, म्हणून तिचा हात कोणी मोजला नाही. सगळे उठून निघाले, तरी तो वरच होता.