परत मेथीच

"परत मेथी! काकांच्या हाती दुसरं बी म्हणून पडत नाही. आमच्याकडे पोरं आता मेथी बघूनच ताट सरकवतात."

"हलू बोल गो, शकू. म्हातारा हिरीवर हाय," भागीरथीनं दटावलं.

म्हातारा विहिरीवरच होता. मधे नुसता कारल्याचा मांडव. धोंडीबानं बादली आवाज न करता खाली ठेवली. कान त्याचे शाबूत होते. पोट तेवढं गणपतीपासून बिघडलेलं. तानाजीनं, त्याच्या मुलानं, मुंबईच्या मोठ्या इस्पितळात नेऊन पोटात दुर्बीण घालून तपासून आणलं. रिपोर्ट इंग्रजीत होता, तो तानाजीनंच वाचला. अल्सर निघाला. धोंडीबाची मिरची सुटली आणि महापालिकेत कारकून असलेला मुलगा रोज दुपारी स्वतः डबा घेऊन यायला लागला. आजारपणाचाही फायदा असतो, असं धोंडीबा म्हणे.

कल्याणच्या खाडीकाठची ही मिठाची चौकी. इंग्रजांच्या वेळी मिठाची गलबतं इथं थांबायची, वजन व्हायचं, मग पुढं. नंतर तिथं फक्त उकिरडा आणि साप थांबले. चार वर्षांपूर्वी धोंडीबा एसटी डेपोतून रिटायर झाला. रिकामा माणूस घरात जड होतो, हे त्याला सुनेनं न सांगताही कळलं. त्यानं चौकीतला पहिला दगड उचलला. दुसरा उचलायला कोळीवाड्यातली भागीरथी आली, तिच्यामागून शेजारच्या चाळीतली शकू, आणि बघता बघता अकरा घरं. छपराची कौलं बसली, भिंतींना चुना लागला, विहीर उपसली तर पाणी गोड निघालं. जमीन मात्र इतकी खारट की गवतसुद्धा रुसायचं. आंबिवलीहून टेम्पोनं माती आणून वाफे भरले.

नियम भागीरथीनं घातला, तिच्या आईचा. ज्याच्या हातचं बी, त्याच्या तोंडी पहिला घास. त्यानं खाल्ल्याशिवाय वाफ्याला कुणी हात लावायचा नाही. मागच्या आषाढात भागीरथीची वहिनी रंगूबाई अचानक गेली. तिनं पेरलेली भेंडी उभ्या उभ्या जून झाली, वाळली. कुणी एक शेंग तोडली नाही. भागीरथी कितीतरी दिवस त्या वाफ्याकडे पाठ करून बसायची.

दिवाळीच्या आधी टेप घेऊन दोन माणसं आली आणि फाटकाच्या खांबावर लाल रंगानं आकडा लिहून गेली. तेव्हापासून सगळं बदललं. धोंडीबाच्या हातात यायचं ते मेथीचं बी, नाहीतर मुळ्याचं, नाहीतर माठाचं. महिना-दीड महिन्यात ताटात. सुरणाचे कांदे त्यानं मागितले, तर बायका "सडले" म्हणाल्या. शेवग्याची फांदी कोपऱ्यात ठेवली होती, ती सकाळी गायब.

डबा घेऊन आलेला तानाजी फाटकाशी भागीरथीशी काहीतरी कुजबुजायचा. धोंडीबा जवळ गेला की दोघं मेथीवर बोलायला लागायची. मेथीवर माणसं किती बोलणार!

धोंडीबानं तीस वर्षं इंजिनं उघडली होती. आवाजावरून बिघाड ओळखायची त्याला सवय. लाल आकडा म्हणजे रस्ता. रस्ता म्हणजे बुलडोझर. चार दिवसांची जागा असली की माणूस चार दिवसांचंच पेरतो. सगळ्यांना माहीत होतं, फक्त त्याला सांगायचं कुणाला धाडस नव्हतं. त्याचा जीव या भिंतींत अडकलाय, हे ठाऊक होतं ना.

मग तोही गप्प राहिला. ती माणसं त्याच्यासाठी लपवत होती, त्यानं त्यांच्यासाठी लपवलं. फक्त जाता-येता चुन्याच्या भिंतीवरून हात फिरवायचा. चांगल्या गायीच्या पाठीवरून फिरवावा तसा.

पण त्या दिवशी शकूचं ते "परत मेथी" ऐकलं आणि त्याला राहवेना. तो उठून बाजारात गेला आणि कोंब आलेला नारळ घेऊन आला. विहिरीशेजारी कुदळ मारली. चौथ्या घावाला धाप लागली.

"दादूस!" भागीरथी धावत आली. "काय करताव? माड नको. चला, मुळा पेरायचा हाय."

"मुळा तू पेर. मी माड लावणार."

"काका, सात वर्षं लागतात त्याला," शकू म्हणाली.

"लागू देत. तुझ्या नियमानं पहिलं खोबरं माझं, भागीरथीबाई. तोवर तुम्ही सगळ्या माझ्या तोंडाकडे बघत बसा!"

एरवी दोघी हसल्या असत्या. तानाजी डबा घेऊन फाटकातून आत येत होता, तो तिथंच थबकला.

धोंडीबानं कुदळ टाकली. "पुरे झालं आता. मी काय कुक्कुलं बाळ आहे? रस्ता कधी येतोय, तेवढं सांगा. बुलडोझर आला तर येऊ दे. निदान खड्ड्यात माड तरी सापडेल त्याला."

"कसला रस्ता, बाबा?"

"खांबावरचा तो आकडा कशाचा मग?"

तानाजीनं खिशातून घडी घातलेला कागद काढला. घड्यांवर तो झिजला होता. महापालिकेचा शिक्का, खाली सही. जागा चौकीतल्या अकरा घरांना भाजी लावायला तीस वर्षांसाठी दिलेली. आकडा त्याच मोजणीचा.

धोंडीबानं कागद दोनदा वाचला. मग चौकीच्या कौलांकडे बघितलं, आणि पोट धरून हसायला लागला. हसता हसता डोळे पुसले.

"अरे गाढवा, तारीख दिवाळीनंतरची! दोन महिने खिशात घेऊन फिरतोयस? आणि तुम्ही गं? तीस वर्षं जागा आपली, नि मला मेथी पेरायला लावताय? माड का नको?"

तानाजी विहिरीत बघत राहिला. शकू पदर तोंडाशी धरून मांडवामागं गेली.

भागीरथी खड्ड्याच्या कडेला बसली. तिनं नारळ धोंडीबाच्या हातातून अलगद काढून घेतला, आपल्या मांडीवर ठेवला.

"जागेला तीस वर्सं दिली, दादूस. तुमाला डॉक्टरानं शिमग्यापर्यंतच दिलंय."