पहिल्या ओळीतली मुलगी

"नुरिझा सादिकोवा, आठवी," उपमुख्याध्यापिका बुरुल एजेंनी वाचलं. "बोला, काय प्रगती?"

"वाचन सुधारलंय," रशियन शिकवणारी कान्यशाय चहाबरोबरचा तळलेला बोरसोक चघळत म्हणाली.

"बीजगणितात अडते, पण धडपड करते," गणिताचे म्हातारे ओमुरबेक अगाय म्हणाले.

मग सगळे भूगोल शिकवणाऱ्या तालायबेककडे बघायला लागले.

"नकाशा वाचायला लागलीय," तो म्हणाला, आणि त्याने सही ठोकली.

ही त्याची सहावी सही. नारीनच्या त्या शाळेत बाईंना 'एजे' आणि सरांना 'अगाय' म्हणत. तिथे सकाळची पाळी सुटते आणि दुपारची भरते, त्यामधल्या पंधरा मिनिटांत दर गुरुवारी ही बैठक असे. बुरुल एजे जानेवारीत बदलून आल्या आणि त्यांनी हा वार पक्का केला. जिल्ह्याकडून आलेला मागे पडलेल्या मुलांचा छापील तक्ता समोर ठेवायचा, प्रत्येक शिक्षकाने प्रत्येक मुलाबद्दल एक वाक्य बोलायचं, सही करायची. तक्त्यात नऊ मुलं होती. आठ बुरुल एजेंनी स्वतः निवडली होती. नुरिझाचं नाव जिल्ह्याकडूनच आलं होतं, त्यापुढे लिहिलं होतं, 'आई मॉस्कोत, आजीजवळ राहते, बोलत नाही.' जिल्ह्यापर्यंत बातमी गेलीय म्हणजे पोर बरीच अडचणीत असणार, असं सगळ्यांनी धरलं होतं.

गंमत एवढीच, की तालायबेकला तिचा चेहरा आठवत नव्हता. दोन्ही पाळ्या मिळून पावणेतीनशे पोरं त्याच्या हाताखालून जात. पहिल्या गुरुवारी कान्यशाय 'सुधारतेय' म्हणाली, म्हणून तोही म्हणाला. एकदा म्हटल्यावर मागे कसं फिरणार?

"पुढच्या गुरुवारी जिल्ह्याच्या सायराकान एजे येतायत," बुरुल एजे म्हणाल्या. "तक्त्यातल्या पहिल्या मुलाबद्दल त्यांना सविस्तर ऐकायचंय. नुरिझालाही बोलावून ठेवू."

तालायबेकने चहाचा पेला तसाच खाली ठेवला.

त्या दिवशी त्याने आठवीची दोन्ही हजेरीपत्रकं चाळली. नुरिझा कुठेच नव्हती. पटावरून नाव कधी गळतं, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी नववीतल्या आयपेरीचं नाव असंच गुपचूप दुसऱ्या शाळेच्या पटावर गेलं होतं. ती शाळेत नव्हतीच, तलासला कुणाच्या तरी घरात सून म्हणून भांडी घासत होती. सोळाही पूर्ण नव्हती. तिच्याबद्दल विचारलं तेव्हाही तो 'ठीक चाललंय' असंच म्हणाला होता, आणि त्याची त्याला अजून लाज वाटे.

त्याने कान्यशायला जिन्यात गाठलं.

"खरं सांग, नुरिझाला तू शेवटचं कधी पाहिलंस?"

"मी? ती दुपारच्या पाळीत नाही का?"

"दुपारची पाळी तूच घेतेस!"

"मग सकाळच्या पाळीत असेल." कान्यशाय तडकली. "अगाय, तुम्हीच नाही का म्हणालात, नकाशा वाचते म्हणून? तुम्ही म्हणता म्हणून मी म्हणते."

"मी तू म्हणतेस म्हणून म्हणतो!"

"मग झालं तर. दोघांचं जुळतंय." ती निघाली, दोन पायऱ्या उतरून थांबली. "उगाच खाजवून खरूज काढू नका. नोकरी मलाही हवीय."

शाळेच्या दाराशी मुलांचे कोट सांभाळणाऱ्या बाईला विचारलं, तर ती म्हणाली, "येते की. लाल टोपीवाली, गरीब पोर आहे." तालायबेक दोन दिवस लाल टोप्या शोधत फिरला. चार सापडल्या. चौघींची नावं वेगळी होती. रविवारी बर्फ तुडवत तो नदीपलीकडच्या वस्तीत गेला, दारोदार विचारलं. मॉस्कोतली आई आणि घरात आजी, असं तर दर दुसऱ्या घरात होतं. नुरिझा कुणालाच माहीत नव्हती. पोर गेली, हे त्याने मनाशी धरलं, आणि आपल्या सहा सह्यांच्या आड ती गेली, हेही.

बायकोने विचारलं, "जेवत का नाही?" तो म्हणाला, "भूक नाही." खरं म्हणजे आता त्याला खोटं गिळवत नव्हतं.

गुरुवार आला. सायराकान एजे जाडजूड वही घेऊन मुख्य खुर्चीत बसल्या. पन्नाशीच्या, थकलेल्या, चष्मा नाकाच्या टोकावर.

"पहिलं नाव," त्या म्हणाल्या. "कशी आहे मुलगी?"

"वाचन खूपच सुधारलंय," कान्यशाय म्हणाली.

"बीजगणित आता समजतं," ओमुरबेक अगाय म्हणाले.

"वा. भेटता येईल?"

बुरुल एजेंनी कान्यशायकडे पाहिलं. कान्यशायने खिडकीकडे पाहिलं.

"आज नेमका ताप आलाय तिला," कान्यशाय म्हणाली. "कालपासून."

तालायबेक उभा राहिला.

"ताप-बीप काही नाही," तो म्हणाला. "मी ह्या मुलीला कधी पाहिलेलंच नाही. तरी सहा सह्या केल्यात. ती पटावर नाही, वस्तीत नाही. ती कुठेतरी गेलीय आणि आम्ही इथे बसून तिची प्रगती लिहितोय. मला काढायचं तर काढा, पण आधी तिला शोधा. पोलिसांत कळवा."

"अगाय, खाली बसा!" बुरुल एजे ओरडल्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

सायराकान एजेंनी हात वर करून त्यांना थांबवलं. चष्मा काढला आणि डोळे चोळले.

"तक्ता कसा भरायचा ते कळावं, म्हणून ही पहिली ओळ आम्ही नमुन्यादाखल छापली होती, अगाय," त्या म्हणाल्या. "तुमची अठरावी शाळा. आधीच्या सतराही शाळांत ही पोरगी सुधारलीय, आणि मी तिला भेटायला गेले की प्रत्येक ठिकाणी तिला नेमका ताप येतो."